शिळाघाटात पाणी कोण भरतं?

मी जे गाव रचलं, त्यात यात्रेकरूंना नावं नव्हती. हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला, आणि आल्यावरही काही काळ मी ते मनातून झटकून टाकत राहिलो.

गावाचं नाव शिळाघाट. ते कुठल्याही नकाशात सापडणार नाही. कागद, पेन्सिल आणि निरनिराळ्या पैलूंचे फासे घेऊन चार-पाच जणांनी बोलता बोलता गोष्ट घडवत न्यायची, असा एक खेळ आहे; त्या खेळासाठी मी ते गाव उभं केलं. खेळाचं मूळ अमेरिकेतलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली बाजारात आला, तिथून ही रीत जगभर पसरली. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतो. एक जण सूत्रधार असतो. गाव, माणसं, संकटं त्याच्या वहीत असतात. पात्रानं काही करायचं म्हटलं की ते जमलं की फसलं हे बहुधा वीस पैलूंचा फासा ठरवतो. सुट्टीच्या दुपारी तेलगावात माझ्या ओसरीवर आठवी-नववीतली मुलं जमतात आणि सूत्रधार मी असतो.

शिळाघाट हे तीर्थक्षेत्र. नदीच्या पात्रात एक काळी शिळा आहे. पूर ओसरला की वर्षातले थोडेच दिवस ती उघडी पडते आणि तेवढ्या दिवसांत तिच्या दर्शनाला मुलूख लोटतो. मी यावर वही भरून लिहिलं होतं. मुख्य पुजाऱ्याला नाव होतं, त्याच्या पूर्वायुष्यात एक खून होता. घाटावरचा सावकार, भुयारात जमणारी टोळी, पहारेकऱ्यांचा नायक या सगळ्यांना वय होतं, लकबी होत्या, लोभ होता. आणि यात्रेकरू? त्यांचा एक तक्ता होता. फासा टाकायचा. तीन पडले तर गाणारा जथा, सात पडले तर वाटेत आजारी पडलेला म्हातारा, अकरा पडले तर चेंगराचेंगरी. ज्यांच्या पायांनी ते गाव तीर्थ झालं, ते माझ्या वहीत हवामानासारखे येत-जात होते.

असं का झालं? पहिलं कारण सुचलं ते सोयीचं होतं: खेळच तसा आहे. वीरांनी यावं, भुयारात उतरावं, राक्षस मारावा, धन घेऊन निघावं, हा त्याचा जुना साचा. १९८० साली याच खेळासाठी 'डेइटीज अँड डेमीगॉड्स' नावाचं पुस्तक निघालं. जगभरच्या देवदेवता त्यात आकड्यांत मांडल्या होत्या. आपल्या देवांचंही एक प्रकरण होतं. कुणाचं कवच किती भक्कम, कुणात किती घाव सोसण्याची ताकद. देवाचं मोल तिथं लढाईच्या हिशेबानं झालं, मग भक्ताला त्या पटावर करण्यासारखं काय उरलं? हे सगळं खरं आहे. पण माझी वही मी लिहिली होती, तेलगावात बसून, मराठीत. पुजाऱ्याच्या खुनावर मी रात्र रात्र रमलो आणि यात्रेकरूंपाशी आलो तेव्हा मला कंटाळा आला. तो कंटाळा काही अमेरिकेहून आलेला नव्हता.

तो कुठून आला हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तेलगाव हे चौकाचं गाव. एक रस्ता वडवणीवरून बीडला जातो, एक सिरसाळ्यावरून परळीला, एक माजलगावला आणि एक धारूरचा घाट चढून केजकडे. परळीला ज्योतिर्लिंग, म्हणून महाशिवरात्रीला आणि श्रावणात या रस्त्यानं वर्दळ. आषाढी जवळ आली की पंढरीकडे निघालेल्या लहानमोठ्या दिंड्या. आणि दसरा-दिवाळीनंतर याच चौकातून दुसरी गर्दी निघते: ऊसतोडीला जाणारी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, पाचटाच्या खोपीसाठी बांबू, वर बसलेली लेकरं, एखादी शेळी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता होऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. तेलगावला स्वतःचा साखर कारखाना आहे, तरी इथली माणसं शेकडो मैल लांबचा ऊस तोडतात.

दिंडी आली की मी चौकात जातो. वारकऱ्याच्या पाया पडतो, चहाच्या पातेल्याला हात लावतो, केळी वाटतो. मनापासून करतो, त्यात खोट नाही. पण ट्रॉली थांबते तेव्हा मी कधी गेलो आहे? त्याच चौकात, त्याच हॉटेलसमोर, तितकीच तहानलेली माणसं असतात. त्यांना पाणी विचारायचं माझ्या मनात आलेलं नाही. आणि वारकऱ्याला तरी मी नाव विचारतो का? 'माउली' म्हणतो आणि पुढच्याच्या हातात केळं देतो. माउली म्हणण्यात आदर आहे, हे मी जाणतो; पण माझ्यापुरतं बोलायचं तर त्या एका हाकेत सगळ्यांना गुंडाळून टाकण्याची सोयही होती. एका देवस्थानात रांग उन्हात ताटकळलेली असताना ओळखीच्या माणसाचा हात धरून मी बाजूच्या दारानं आत गेलो होतो. आत शिरताना रांगेकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाऊल अडखळलं असतं, म्हणून पाहिलं नाही. शिळाघाटचा तक्ता मी वहीत नंतर लिहिला. मनात तो त्या दारातच तयार झाला होता, असं आता वाटतं.

हे सगळं उघडं पडलं ते नववीतल्या एका मुलीमुळे. नवं पर्व सुरू करताना मी मुलांना पात्रं निवडायला सांगितली. योद्धा, वैदू, चोर, मांत्रिक. ती म्हणाली, "सर, मला हंडेवाली व्हायचंय." मी विचारलं, म्हणजे? दिंडीत तिची आजी डोक्यावर हंडा घेऊन चालते. तहानलेल्याला पाणी द्यायचं, रिकामा झाला की पुन्हा भरायचा. मी म्हणालो, "तसं पात्र नसतं." किती पटकन म्हणालो! तिनं वाद घातला नाही. वैदू घेतला, आणि शिळाघाटाच्या वेशीत शिरल्याबरोबर तिच्या वैदूनं पहिला प्रश्न विचारला: "पाणी कुठून आणायचं मंग? विहीर कुणाची हाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुजाऱ्यानं खून कोणत्या हत्यारानं केला ते मला ठाऊक होतं. देवळाखालच्या भुयाराला किती वळणं आहेत ते ठाऊक होतं. मुलूख लोटतो म्हणून लिहिलं होतं आणि तो मुलूख पाणी कुठं पितो हे ठाऊक नव्हतं. त्या मुलीचे आई-वडील दर हंगामाला कोयता घेऊन जातात, ती आजीपाशी राहते. नव्या जागी उतरल्यावर आधी पाण्याचं पाहायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नसणार. आणि विहीर कुणाची, हा प्रश्न? तो तर आपल्याकडे हजार वर्षं विचारला जातो आहे.

त्या रात्री वही पुन्हा वाचली. सगळ्यांत जास्त लाज वाटली ती गटारांच्या पानांवर. या खेळात शहराखालची गटारं म्हणजे ठरलेली जागा. तिथं अजस्र उंदीर, चोरांचे अड्डे, हरवलेल्या चाव्या. मीही शिळाघाटाखाली दगडी गटारांचं जाळं काढलं होतं, रंगीत पेन्सिलींनी, प्रत्येक कमान मन लावून. ती साफ कोण करतं? नकाशात एकही माणूस नव्हता. पंढरपूरची वारी आटोपल्यावर वाळवंटात आणि गल्ल्यांत जी घाण उरायची, ती वर्षानुवर्षं माणसांनी हातानं उचलली. दाद मागायला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा कुठं शौचालयांची आणि राहुट्यांसाठी वेगळ्या जागेची नीट व्यवस्था लागू लागली. मी हे वर्तमानपत्रात वाचलं होतं. वाचूनही माझ्या कल्पनेला गटार म्हटल्यावर उंदीर दिसला, झाडूवाला दिसला नाही. कल्पनेला आपण मोकळी समजतो. माझी कल्पना तर जे मी दिवसा टाळतो तेच रात्रीही टाळत होती.

मग मी वही उलटी लिहायला घेतली. यात्रेकरूंना नावं दिली. आणि इथं दुसरी गडबड झाली. माझे सगळे यात्रेकरू एकदम साधे, निर्मळ, सोशिक होऊन बसले. एकमेकांना घास भरवणारे, कधी न भांडणारे. अपराधी वाटणाऱ्या माणसाची ही युक्ती असते का? ज्याला आपण पाहिलंच नाही, त्याला चौरंगावर बसवायचं, म्हणजे पुन्हा पाहायला नको?

इरावती कर्वे ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालल्या होत्या. त्यांच्या 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल' या लेखात वारीवरचं प्रेम ओसंडून वाहतं. ज्या प्रदेशातली माणसं वारीला जातात तो महाराष्ट्र, अशी ओळख त्यांना त्या वाटेवर पटली. पण त्याच लेखात त्यांनी हेही नोंदवलं की दिवसभर एकत्र गाणारी माणसं जेवायला जातीजातीनं वेगळी बसतात, आणि ते त्यांना बोचत राहिलं. दोन्ही गोष्टी एकाच बाईनं, एकाच वाटेवर पाहिल्या. मला एका वेळी एकच का दिसते? चोखोबांचं घ्या. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना कूस कोसळून ते गेले. समाधी पंढरपूरला आहे, नामदेव पायरीशी, महाद्वाराच्या बाहेर. त्यांच्या माणसांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. मधे सहा शतकं गेली. त्या सहा शतकांत दरवर्षी वारी भरली, टाळ वाजले, आणि वाजवणाऱ्यांचं प्रेम खोटं नव्हतं. ते खरं होतं आणि दार बंद होतं. असं गाव खेळाच्या वहीत उतरवायचं कसं? मला पुजारी लबाड दाखवता येत होता किंवा भक्त पवित्र दाखवता येत होता. खरं प्रेम करणारा आणि तरी विहिरीवर दुसऱ्याला येऊ न देणारा माणूस लिहिताना हात अडायचा. कारण तो माणूस फार ओळखीचा आहे. माझ्या घरात त्याचे फोटो आहेत.

एक गोष्ट मात्र कल्पनेला आधार देणारी सापडली, आणि ती जवळच होती. माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिन्यात तिथं मोठी यात्रा भरते. अधिक मास साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता. म्हणजे एक लहानसं खेडं एका महिन्यासाठी तीर्थ होऊन उसळतं आणि पुन्हा आपल्या शेतीभातीला लागतं. माझी पुरानंतर उघडी पडणारी शिळा मला फार अद्भुत वाटत होती. शेजारच्या तालुक्यात पंचांगानं उघडणारं गाव होतं आणि माजलगावला कितीदा तरी जाऊन येऊनही मी तिकडे पाहिलं नव्हतं. त्याहून मोलाचा आहे तिथला ताम्रपट. रामचंद्र यादवाच्या काळातला, शके १२३२चा, म्हणजे इसवी सन १३१०चा. राजाच्या पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्यानं ब्राह्मणांना जमीन दान दिली, त्याचा तो लेख. तेव्हा देवगिरीवर दिल्लीची स्वारी होऊन गेली होती. यादवांचं राज्य पुढं काही वर्षांतच मावळलं. तीर्थाच्या मुळाशी असा कागद असतो, तांब्याचा का होईना: कुणी दिलं, कुणाला दिलं, कोणत्या सीमेपासून कोणत्या सीमेपर्यंत. आणि ती जमीन दानाच्या आदल्या दिवशी जो कसत होता, त्याचं काय झालं? मी शिळाघाटासाठी तसा एक दानलेख लिहिला. मुलांनी तो वाचला आणि मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट, त्यांना तो भुयारापेक्षा चढ वाटला. दोन तास ती मुलं शिवेच्या दगडांवरून भांडली.

तरी माझ्या मनातली शंका गेलेली नाही. फाशानं श्रद्धा मोजायची, हेच मुळात बरोबर आहे का? इथं मला मोक्षपट आठवतो. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. कवड्या टाकायच्या, सद्गुणाची शिडी लागली की वर, अवगुणाचा साप डसला की खाली, आणि शेवटी मुक्तीचं घर. तेव्हा फासे टाकत देवाकडे जाण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. पण त्या पटावरची एक गोष्ट मी अनेक वर्षं पाहिलीच नव्हती. मोक्षपटात खेळणारा स्वतः यात्रेकरू असतो. त्याला कुणाला सोडवायचं नसतं, लुटायचं नसतं, उघडं पाडायचं नसतं. घसरतो तोच आणि चढतोही तोच. माझ्या खेळात मात्र यात्रेकरू सोडून काहीही होता येत होतं. त्या मुलीला मी 'तसं पात्र नसतं' म्हणालो, तेव्हा मी नियम सांगत नव्हतो. मी कुठं उभा राहणार आणि कुठं उभा राहणार नाही, ते सांगत होतो.

आता हंडेवाली आहे. तिच्यासाठी नियम मुलांनीच केले. भरलेला हंडा घेऊन किती कोस चालता येतं, उतारावर काय होतं, उन्हात किती पाणी सांडतं. कुणाला पाणी दिलं याची नोंद ती मुलगी वहीच्या मागच्या पानावर ठेवते, आणि अट तिची आहे: नाव विचारल्याशिवाय नोंद नाही. त्यामुळे मला प्रत्येक यात्रेकरूचं नाव जागच्या जागी सांगावं लागतं, पाठोपाठ गाव, आणि मग मुलं विचारतात, घरी कोण आहे, शेत कुणाला लावून आलास. मी अडखळतो. माझ्याकडे माणसं पुरत नाहीत. आयुष्यभर चौकात उभं राहून मी इतकी थोडी माणसं साठवली आहेत का?

आणि कधी कधी दुसऱ्या टोकाचं भय वाटतं. तिचे आई-वडील या घडीला कुठल्याशा उसाच्या फडात असतील, मुकादमाची उचल फेडत. आणि मी माझ्या ओसरीवर त्यांच्या कष्टांसारखेच कष्ट फाशांवर खेळायला लावतो आहे. यात तिला काही मिळतं, की मलाच हलकं वाटतं? मी तिला विचारलं नाही. विचारलं तर ती 'मजा येते, सर' म्हणेल, आणि तेवढ्यावर समाधान मानण्याची माझी तयारी आहे, हे मला माहीत आहे. म्हणून विचारत नाही. यंदा ट्रॉल्या निघाल्या तेव्हा मी चौकात गेलो होतो. पाण्याचा जार नेला होता. एका बाईनं पाणी घेतलं, पोराला पाजलं, आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं: हा माणूस मुकादमाचा की निवडणुकीचा? तिला नाव विचारायचं धाडस झालं नाही. विचारायचा मला काय अधिकार होता?

वहीत एक जागा अजून कोरी आहे. शिळेपुढे मी पहिल्यांदा लिहिलं होतं, 'शिळा खोटी. चमत्कार पुजाऱ्याचे हातचलाखीचे.' लिहिताना फार समाधान वाटलं होतं. शिकलेल्या माणसाचं समाधान: सगळे फसले, मला कळलं. अंधश्रद्धेविरुद्ध बोलायची वेळ येते तेव्हा मी बोलतो आणि पुढेही बोलेन, त्यात तडजोड नाही. पण त्या ओळीत मला कुणाची फसवणूक थांबवायची नव्हती. मला हजारो माणसांहून वरचढ व्हायचं होतं, तेही अशा गावात जिथं मला उलट विचारणारं कुणी नव्हतं. ती ओळ खोडली. 'शिळा खरी' असंही लिहिता येईना, कारण ते माझ्या मनात नाही आणि मुलांना मी जे मानत नाही ते सांगणार नाही.

पुढच्या खेपेला त्यांची पात्रं नदीपात्रात उतरतील. योद्धा झालेल्या मुलानं आत्ताच विचारून ठेवलंय, "सर, शिळेला हात लावला की कायतरी होतं का?" मी म्हणालो, बघू. तो म्हणाला, "तुमाला तर म्हाईत पाहिजे." त्याचं बरोबर आहे. सूत्रधाराला माहीत असायला हवं. हंडेवालीनं मात्र तिचं आधीच ठरवून टाकलंय: ती शिळेपर्यंत जाणार नाही, काठावर थांबणार, कारण परतणाऱ्यांना तहान लागलेली असते.